सोळाजणी येते म्हणाल्या

घारगे किती करायचे, एवढाच माझा प्रश्न होता.

"सोळाजणी येणार, आजी," ऋजू म्हणाली. "सगळ्या येते म्हणाल्यात. मला धरून सतरा."

"म्हणजे माणशी तीन धरले तर एक्कावन्न. एवढा भोपळा किसायचा कोणी?"

"तू!"

ऋजू म्हणजे ऋजुता, माझी नात. वय वर्षं अकरा. तिला आमच्या घरी हादगा घालायचा होता. हादगा तिला माझ्याच बोलण्यातून कळला होता. मी मिरजेतच वाढले. पावसाळा सरत आला की शाळा सुटल्यावर रोज एकीच्या दारात आम्ही जमायचो. पाटावर खडूनं हत्ती काढायचा, त्याच्याभोवती हात धरून फेर घालायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड का तिखट विचारायचं. ओळखल्याशिवाय घास मिळायचा नाही. मला आजही कोणाच्या घरी काय होतं ते आठवतं. घाटग्यांकडची वाटली डाळ, शेजारच्या कमलकडचे शंकरपाळे. कमलशी माझी वर्षातून दहादा तरी कट्टी व्हायची. करंगळी पुढे करून कट्टी, दोन बोटं पुढे करून बट्टी. एकदा ती तीन आठवडे बोलली नाही, तेव्हा शेवटी मी जेवणच सोडलं. आईनं दोन दिवस पाहिलं आणि मग म्हणाली, "जेव गं, तिच्या घरी आज मटकी आहे, तीही जेवलेली नाही असं कळलंय." तिसऱ्या दिवशी आमची बट्टी झाली.

ऋजूची आजवर कोणाशीही कट्टी झालेली नव्हती. एकदाही नाही. कारण मणी.

मण्याविषयी थोडं सांगायला हवं. ऋजूच्या जन्माच्या सुमारास मुलांना खुली समाजमाध्यमं बंद झाली. त्याआधीच्या वीस वर्षांत त्या पडद्यांवर मुलांनी एकमेकांचं काय केलं, ते माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बंदीनंतर आलं ते 'सौहार्द'. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीचं, शाळांनी मान्य केलेलं जाळं. त्याचे भाग दोन. मनगटावर एक पट्टी, कानात एक मणी. हृदयाचे ठोके कितीही नियमित वाटले तरी दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं. माणूस निवांत असला की ते जास्त बदलतं, धसका घेतला की कमी. पट्टी ते मोजते, आणि हाताचा घाम मोजते. काही महिन्यांत तिला कळतं, की या मुलीला कोणता शब्द, कोणता सूर लागतो. मग मणी ते शब्द तिच्यापर्यंत पोचूच देत नाही. निरोप असेल तर तो बदलतो. समोरासमोर बोलणं असेल तर बाहेरचा आवाज उलट्या लहरीनं कानातच विझवतो, आणि पाव सेकंदानंतर त्याच माणसाच्या आवाजात जरा मऊ वाक्य ऐकवतो.

पाव सेकंद म्हणजे फार नाही. पण ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि त्यानं मुलांना मळमळायला लागतं. म्हणून ही मुलं बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, कपाळाकडे बघतात. शाळेच्या फाटकाशी उभं राहून पाहिलं, तर सगळी मुलं एकमेकांच्या कपाळावर काहीतरी लिहिलेलं वाचत असल्यासारखी दिसतात. घरच्या माणसांचा आवाज मात्र मणी जसाच्या तसा सोडतो. म्हणून ऋजू माझ्या डोळ्यांत बघून बोलायची.

हे सगळं मला माझ्या मुलानं, हृषीनं समजावलं. तो दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो. तो असंही म्हणाला की मणी आल्यापासून मुलांच्या वॉर्डातल्या 'त्या' खाटा रिकाम्या असतात. त्या म्हणजे कोणत्या, हे मी विचारलं नाही.

हादग्यासाठी एक अडचण होती. मणी घालून एकत्र गाता येत नाही. प्रत्येकीला दुसरीचा आवाज उशिरा येतो, ताल मोडतो. शाळेत गाण्याच्या तासाला मुली एकेकट्या गातात आणि यंत्र ते जुळवून देतं.

"फेर धरायचा तर मणी काढावा लागेल," मी ऋजूला सांगितलं.

"सगळ्याजणी काढणार?"

"सगळ्या. दोन तासांचा प्रश्न आहे."

तिनं कानाला हात लावला, विचार केला, आणि म्हणाली, "देवश्री काढणार असेल तर मी काढीन." देवश्री तिची जिवाची मैत्रीण. दोघी रोज संध्याकाळी तासभर बोलायच्या. ऋजू गॅलरीत झोपाळ्यावर बसून हसायची, ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

मंगळवारी भोपळा आणायला मंडईत गेले, तिथं देवश्रीची आई भेटली. मेघना.

"काय काकू, एवढा मोठा भोपळा? लग्न काढलंत की काय घरात?"

"अगं, शुक्रवारचं. हादगा नाही का आमच्याकडे. देवश्री येतेय ना?"

"शुक्रवारी? नाही हो काकू, शुक्रवारी तिचा पोहण्याचा क्लास." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "ती मला काही बोलली नाही. म्हणजे विषय निघाला होता, पण ती नको म्हणाली."

"ती येते म्हणालीय ऋजूला. पहिल्यांदा मीच येणार, असं म्हणालीय."

मेघनानं माझ्याकडे जरा केविलवाण्या नजरेनं पाहिलं. "मण्यावर ना? मग तसंच आलं असेल."

घरी येऊन मी सोळाही घरी फोन लावले. मुलींना नाही, आयांना. अकरा जणींना हादग्याचं काही माहीतच नव्हतं. चौघी म्हणाल्या, मुलीला यायचं नाही. एकटी अलिना मुजावर येणार होती, तेही तिच्या आईनं "ती भोपळ्याची पुरी असते ना, ती मिळणार का?" असं विचारून नक्की केलं.

संध्याकाळी हृषी आल्याबरोबर मी त्याला धरलं. तो चहा पीत होता.

"खोटं कोण बोललं, ते सांग मला."

"कोणीच नाही, आई. हे बघ. देवश्री म्हणाली असेल, नको, मला कंटाळा येतो. तिच्या मण्याला माहीत आहे की हे पुढे लागणार. त्यानं ते केलं, 'बघते, जमलं तर येते.' हे ऋजूच्या मण्याकडे आलं. त्याला माहीत आहे की 'बघते' म्हटलं की आपल्या ऋजूचे ठोके बिघडतात. त्यानं केलं, 'येते, पहिल्यांदा मीच येणार.' दोघांनी आपापल्या बाजूनं थोडंसं मऊ केलं. बस."

"आणि शुक्रवारी कोणी आलं नाही म्हणजे?"

"मग आयत्या वेळी निरोप येतात. एकीला ताप, एकीकडे पाहुणे. मुलं ते मानतात. त्यांना सवय असते."

मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली. सुरुवातीची सहा वर्षं एका तालुक्याच्या गावी, ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन जोडून द्यायला. तेव्हा लाइन इतकी खराब असायची की दोन्ही टोकांना काही ऐकू आलं नाही, तर मधली ऑपरेटर वाक्य ऐकून पुढे सांगायची. नियम एकच, आहे तसं सांगायचं. तिथं एक बाई दर शनिवारी यायची. नवरा भिलाईला. एका शनिवारी तो म्हणाला, "तिला सांगा, मी परत यायचा नाही. मी इकडे दुसरं घर केलंय." बाई काउंटरवर उभी होती, कडेवर पोर. मी तिला सांगितलं, "ते म्हणतायत, रजा मिळत नाही." पुढचे चौदा महिने ती शनिवारी येत राहिली आणि मी तिला रजा मिळत नसल्याचं सांगत राहिले. मग ती यायची थांबली. तिला कोणी सांगितलं आणि कसं सांगितलं, ते मला कधी कळलं नाही. तिचं नाव, तिच्या लुगड्याचा रंग, पोराच्या पायातला एकच वाळा, सगळं आठवतं.

त्यामुळे मी ठरवलं, ऋजूला खरं सांगायचं. मी तिच्या खोलीत गेले. ती जमिनीवर बसून पाटावर हत्ती काढत होती. सोंडेपाशी अडली होती. चार वेळा पुसलं होतं, हाताला खडू, नाकाला खडू.

"आजी, देवश्री म्हणते, हत्तीला झूल लाल काढ. आवडेल ना तिला?"

मी म्हणाले, "काढ की."

आणि बुधवारी सकाळी मी कुंकवाचा करंडा, सुपारी आणि तांदूळ घेऊन घराबाहेर पडले.

आमच्याकडे तोंडी किंवा फोनवर दिलेलं आमंत्रण मोडता येतं. पण दारात येऊन, कुंकू लावून, हातावर सुपारी ठेवून बोलावलं, की त्याला नाही म्हणायची पद्धत नाही. आजच्या तरुण आयांनाही ते माहीत आहे, निदान अवघडल्यासारखं तरी होतं. मुजावरांकडे अलिनाच्या आईनं सुपारी हातात घेऊन मला बसवून सरबत पाजलं. मेघनानं कपाळ पुढे केलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही या वयात जिने चढून आलात. आता काय बोलणार मी? पाठवते." दोन दिवसांत मी बारा घरं केली. माझे गुडघे भरून आले होते, पण मनातून मी खूष होते. मुली एकदा आल्या, हातात हात धरले, की पुढचं त्यांचं त्या बघतील, असं मला वाटत होतं. आम्ही बघायचो ना.

ऋजूला यातलं मी काही सांगितलं नाही.

शुक्रवारी नऊजणी आल्या. दारात मी पितळी डबा ठेवला होता, त्यात एकेकीनं मणी काढून ठेवला. काढल्याबरोबर दोघींनी कानांवर हात ठेवले. रिक्षांचे हॉर्न, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, सगळं त्यांना एकदम नागडं ऐकू येत होतं. एक म्हणाली, "तुझा आवाज असा आहे होय?" दुसरी म्हणाली, "तुझा पण जाडा आहे." आणि दोघी फिदीफिदी हसल्या.

फेर सुरू झाला. मी एकेक ओळ सांगायची, त्या मागून म्हणायच्या. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्यांना ताल सापडला. सोपं नव्हतं ते, दहा मुलींना आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात येणं. पण आलं. अलिना तर इतक्या जोरात ओढत होती की सगळा फेर तिच्या बाजूला कलंडत होता. ऋजूचा चेहरा लाल झाला होता. ती माझ्याकडे बघून ओरडली, "आजी, अजून एक!" तेवढी पंधरा मिनिटं कोणी माझ्याकडून हिरावून घेऊ शकत नाही.

मग खिरापत. ऋजूनं झाकलेला डबा हलवला.

"ओळखा! गोड आहे का तिखट?"

"गोड," अलिना म्हणाली. "आणि मला माहितीय, पण मी सांगणार नाही."

"लाडू," कोणीतरी म्हणालं.

"नाही!"

"बर्फी. वडी. काहीतरी."

"नाही, नाही! नीट ऐका ना आवाज."

"सांगून टाक ना ऋजुता," देवश्री म्हणाली. "मला घरी जायचंय."

"थांब ना, ओळखण्यातच मजा असते. आजी सांगते की—"

"तुझं नेहमी असंच असतं. एक गोष्ट धरली की धरली. कंटाळा येतो मला." तिचा आवाज रागाचा नव्हता. कंटाळलेलं अकरा वर्षांचं पोर बोलतं तसाच होता. "मला यायचंच नव्हतं. तुझी आजी घरी येऊन कुंकू लावून गेली, म्हणून आईनं पाठवलं."

"मला पण," मागून एक बारीक आवाज आला. "आमच्याकडे पण आली होती."

ऋजूनं माझ्याकडे पाहिलं. मग देवश्रीकडे. "पण तू म्हणालीस ना, पहिल्यांदा मीच येणार?"

"मी कधी म्हटलं? मी तर मे महिन्यातच तुला सांगितलं, की आता रोज रोज बोलायला नको. त्यानंतर मी तुला फोनच नाही केला."

"मे महिन्यात?"

"हो."

"मग रोज संध्याकाळी माझ्याशी कोण बोलतं?"

देवश्रीनं खांदे उडवले. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मलाही नव्हतं. नंतर हृषीनं सांगितलं की त्याला 'सावकाश उतार' म्हणतात. एका मुलीला मैत्री संपवायची असेल तर मणी तिच्या आवाजात बोलणं चालू ठेवतो आणि दीड वर्षात हळूहळू कमी करत नेतो. दुसरीला कळतसुद्धा नाही. ऋजूचे अजून तेरा महिने राहिले होते.

"असं तोंडावर नाही बोलायचं, देवश्री," अलिना म्हणाली.

"मग कसं बोलायचं?" देवश्रीनं विचारलं. तिनं खरंच विचारलं होतं. तिनं ऋजूच्या तोंडाकडे पाहिलं. माझी खात्री आहे की एखाद्याला लागलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते ती पहिल्यांदाच बघत होती. ती घाबरली आणि रडायला लागली.

ऋजू रडली नाही. तिचा श्वास वाढत गेला. हाताची बोटं आत वळली, ओठ पांढरे पडले, डबा खाली पडला. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तिचं नाव घेत राहिले. माझ्या लहानपणी असं झालं की आई पाणी मारायची आणि म्हणायची, होतं गं असं, उद्या विसरशील. पण मी आठवीत येईपर्यंत पन्नासदा दुखावले गेले होते. ऋजूला हे पहिलंच, आणि सगळं एकदम. तिच्या मनगटावरची पट्टी कधीच बोंबलायला लागली होती. बाराव्या मिनिटाला शाळेचा समुपदेशक दारात आला, त्याच्यामागे माझी सून केतकी, ऑफिसातून धावत आलेली.

तीन दिवस ऋजू बोलली नाही. पेज दिली तर तोंड मिटून घ्यायची. चौथ्या दिवशी समुपदेशकानं तिला मणी पुन्हा घातला आणि संध्याकाळपर्यंत तिनं अर्धी वाटी वरणभात खाल्ला.

पाचव्या दिवशी शाळेचा अहवाल आला. हृषीनं तो वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. केतकीनं तो सुलटा केला.

"आघाताचा स्रोत, आजी," ती वाचत होती. "आमंत्रण आजीने दिले. मणी आजीच्या सूचनेवरून काढले. घरगुती सवलत मागे घेण्याची शिफारस."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तुझं बोलणं यापुढे तिच्यापर्यंत मण्यातून जाईल, आई," हृषी म्हणाला. "बाहेरच्यांचं जातं तसं. सध्या नव्वद दिवस. मग ते बघतील."

"आणि तुम्ही सही करणार?"

केतकीनं पेनाचं टोपण काढलं.

"केतकी, मी तिचं वाईट व्हावं म्हणून नाही गं केलं."

"मला माहीत आहे, आई." ती खाली बघत होती. "तुम्ही काही केलं नसतंत, तर शुक्रवारी सोळा निरोप आले असते. सोळा ताप. ती जरा खट्टू झाली असती, घारगे खाल्ले असते आणि शनिवारी विसरली असती."

"आणि त्या पोरीच्या आवाजात यंत्र बोलत राहिलं असतं."

"हो. राहिलं असतं." आता तिनं वर पाहिलं. "तुम्हाला माझी नेहा माहीत आहे."

नेहा तिची धाकटी बहीण. मुलं सगळी उघड्या पडद्यांवर असायची तेव्हाची. वर्गातल्या मुलींनी तिचा एक फोटो फिरवला, त्याखाली पाचशे जणांनी काय काय लिहिलं. नेहा तेव्हा पंधरा वर्षांची. आज चौतीस वर्षांची आहे. आईच्या घरात मागच्या खोलीत असते. दार उघडत नाही.

"तिला कोणी मऊ करून सांगितलं असतं ना, आई," केतकी म्हणाली, "खोटं का होईना, तर मी त्या यंत्राचे पाय धरले असते."

तिनं सही केली, हृषीनं केली. मग हृषी भोपळ्याची उरलेली फोड फ्रीजमध्ये ठेवायला म्हणून उठून गेला.

सवलत गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी म्हणाले, "ऋजू, दूध घे, निवतंय." तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "थँक्यू आजी, तू पण."

दूधबिध ठीक होतं. त्यातलं काही ना काही पोचायचं. पण मला तिच्याशी त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. तिनं त्या क्षणी माझ्याकडे कसं पाहिलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. तिची माफी मागायची राहिली होती. मी सुरुवात केली की ती गोड हसायची आणि भलतंच उत्तर द्यायची. "त्या मुली" म्हटलं की ती म्हणायची, "हो ना, किती छान वास येतोय." मी म्हटलं, "मी तुला फसवलं गं," तेव्हा तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. एकदा मी तिच्या कानाकडे हात नेला. ती दचकून भिंतीपर्यंत मागे सरकली, पट्टी पिवळी झाली, आणि दहा मिनिटांत केतकीचा फोन आला. पुन्हा नाही केलं मी ते.

आणि ती बरी होत होती, हेही सांगायला हवं. जेवत होती, शाळेत जात होती. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून देवश्रीशी बोलत होती, हसत होती. तेव्हा मी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडायचे. मैत्रिणींचे निरोप येत होते, की हादग्याला फार मजा आली. सहा आठवड्यांत तो दिवस तिच्या डोक्यात दुसराच झाला होता. "मला ताप भरला होता ना गं त्या दिवशी," ती एकदा मला म्हणाली. "नाहीतर अजून खेळलो असतो."

शेवटी मी कागद घेतला. आवाज बदलता येतो, शाईनं लिहिलेलं कसं बदलणार, असं माझ्या मनात आलं. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून मी तिला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहिलं ते असं होतं:

'चिरंजीव ऋजूस, त्या मुली आपणहून आल्या नव्हत्या. कोणी येणार नाही, हे मला आधीच कळलं होतं. तुला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मी घरोघर जाऊन त्यांना बोलावलं. तुला लागलं ते माझ्यामुळे. माझं चुकलं. माझ्यावर चिडायचं असलं तर चीड, बोलू नकोस, काही दिवस कट्टी घे. पण देवश्रीच्या आवाजात तुझ्याशी जे बोलतं, ती देवश्री नाही. तुझी आजी.'

ती समोर रंगपेटी घेऊन बसली होती. मी कागद तिच्यापुढे सरकवला.

"माझ्यासाठी?" तिनं कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. "ई, किती गिचमिड अक्षर गं आजी. आम्हाला असं जोडलेलं वाचता येत नाही."

आणि शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलेलं वाचायला ही मुलं करतात तसं, तिनं मनगट कागदावरून वरून खाली फिरवलं. पट्टीवरचा बारीक दिवा लागला. ती मान जरा कलती करून ऐकत राहिली. माझ्या ओळींवरून तिचं बोट चाललं होतं, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळत गेला.

मी उठून कागद काढून घेणार होते. उठले नाही.

"खरंच, आजी?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा? मग वीसजणींना बोलावू. तू कोणाकडे जाऊ नकोस हं, तुझे पाय दुखतात. मी नुसता निरोप पाठवते. सगळ्या येतात माझ्याकडे." तिनं पत्राची नीट घडी घातली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवली. "करायचा ना?"

ती उत्तराची वाट बघत होती. मान हलवून मी नाही म्हणू शकले असते. एवढी एक गोष्ट त्यांच्या यंत्राला बदलता आली नसती.

मी होकाराची मान हलवली.